शिकवणीची पहिली पाच मिनिटे आणि शेवटची दहा

उन्हाळी कांद्याचे पैसे हातात आले की आपल्या देवळा तालुक्यात त्या पैशाला वाटा आधीच ठरलेल्या असतात. सोसायटीचे कर्ज, खताच्या दुकानाची उधारी, घरातले एखादे लग्नकार्य आणि जून उजाडला की पोरांची शिकवणी. ही चौथी वाट तशी नवीन. पूर्वी पोरगं गणितात कच्चं निघालं तर मास्तरच संध्याकाळी बोलावून घेत, आणि त्याचे पैसे वगैरे काही नसे. आता उमराण्यापासून लोहोणेरपर्यंत कुठेही जा, कोणाच्या ओसरीवर, कुठे पत्र्याच्या खोलीत, कुठे मंदिराच्या सभामंडपात दिवेलागणीला पोरे वह्या घेऊन बसलेली दिसतील. शिकवणाराही बहुतेक गावातलाच असतो. डी.एड. किंवा बी.एस्सी. होऊन पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसलेला एखादा तरुण, नाहीतर शिकलेली सून. सरकारी शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नेच मनाई केली आहे. त्यामुळे हे काम या तरुण मंडळींच्या अंगावर आले, आणि त्यांना ते कसे करावे हे कोणी नीट सांगितलेले नाही.

आपण बियाण्याची पिशवी घेताना पावती मागतो, लॉट नंबर बघतो. खताच्या गोणीवर नत्र किती, स्फुरद किती हे दुकानदाराला विचारतो. शिकवणी लावताना मात्र आपले दोनच प्रश्न असतात : "महिन्याला किती?" आणि "किती वेळ घेता?" दीड तास म्हटले की आपल्याला बरे वाटते, दोन तास म्हटले की आणखी बरे. माझे म्हणणे असे, की हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. खरा प्रश्न तिसरा आहे. तुमची शिकवणी सुरू कशी होते आणि संपते कशी? ज्या शिकवणीची पहिली पाच मिनिटे आणि शेवटची दहा मिनिटे वाया जातात, तिथे मधला तास कितीही घाम गाळला तरी पदरात थोडेच पडते.

पटत नसेल तर एखाद्या संध्याकाळी जाऊन बघा. पाचची वेळ. सव्वापाचपर्यंत पोरे येतच असतात. शिकवणारा हजेरी घेतो, मग कोणाची फी राहिली ते सगळ्यांदेखत विचारतो. ज्याच्या बापाने फी दिलेली नाही ते पोरगं मान खाली घालून बसते, आणि त्या दिवशी त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. मग "काढा पुस्तक, पान अमुक". काल काय झाले होते, कोणाला आठवते, कोणाला नाही, याचा पत्ताच नाही. मधे तासभर फळ्यावर लिहिणे आणि वहीत उतरवणे. शेवटी कोणाची तरी आई हाक मारते, कोणाचा तरी मोबाईल वाजतो, अंधार पडतो, आणि गुरुजी म्हणतात, "राहिलेलं घरी करून आणा." झाली शिकवणी. पोरे दप्तर आवळून पळतात. जे समजले नाही ते कोणाला समजले नाही, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि पोरालाही.

यात कोणाला दोष द्यायचा? शिकवणारा बिचारा स्वतः जसा शिकला तसाच शिकवतो. पण सुधारणा अवघड नाही, आणि तिला एक रुपयाही लागत नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीचे आधी बघू. आपण पाऊस पडल्या पडल्या पाभर घेऊन शेतात शिरत नाही. वाफसा यायची वाट बघतो. चिखलात पेरले तर बी दडपते, कोरड्यात पेरले तर किडा-मुंगी खाते. पोराच्या डोक्यालाही वाफसा लागतो. ते सकाळी शाळेत गेलेले, दुपारी घरी येऊन शेळ्यांना चारा टाकलेला, कोणी कांदा निवडायला बसलेला. तिथून ते थेट तुमच्या सतरंजीवर येते. त्याला लगेच "अपूर्णांकाचा गुणाकार" म्हटले तर ते बी दडपलेच समजा. पहिली दोन मिनिटे त्याला माणसासारखे विचारा, आणि घरच्या बोलीत विचारा. आपल्या भागात घरोघर अहिराणी आहे, आदिवासी वस्तीवर आणखी वेगळी बोली आहे. "आज काय शिकना रे भो?" असे विचारले तर जे पोरगं पुस्तकी भाषेत तोंड उघडत नाही, ते भडाभडा बोलते. घरची बोली म्हणजे अशुद्ध मराठी, असे समजून तिला दारातच अडवणारे शिकवणारे मी पाहिले आहेत. ते पोरालाही दारातच अडवतात, एवढे त्यांच्या लक्षात येत नाही.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गरिबांच्या मुलांसाठी बालवाडी काढली. पोरे शाळेत येईनात, तेव्हा त्या स्वतः वस्तीत गेल्या आणि अंगणात मुले गोळा केली. आज गावोगाव 'अंगणवाडी' हा शब्द आपण वापरतो, त्याचे मूळ तिथे आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर गेला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. त्या बायांच्या शाळेचा दिवस क-ख-ग ने सुरू होत नसे. तोंड धुणे, केस विंचरणे, गाणे, गप्पा, मग धडा. पोर जिथे आहे तिथून सुरुवात करायची, पुस्तक जिथे आहे तिथून नव्हे, हा त्यांचा हिशोब होता. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. आज आपण अंगणवाडीला रंग देतो, चित्रे काढतो. तो हिशोब मात्र विसरलो.

गप्पा झाल्या की तिसऱ्या मिनिटाला खरे काम. पुस्तक बंद, वही बंद. "काल आपण काय केलं?" एवढे विचारायचे आणि गप्प बसायचे. हे गप्प बसणेच शिकवणाऱ्याला सर्वात जड जाते. दोन-चार क्षण शांतता पडली की तो स्वतःच सांगून मोकळा होतो. नका सांगू. पोराला आठवू द्या, चुकू द्या, दुसऱ्याने दुरुस्त करू द्या. किंवा काल केलेल्यातले एकच गणित पाटीवर घाला आणि प्रत्येकाला आपापले सोडवू द्या. ज्याला आले त्याची खात्री झाली, ज्याला नाही आले तो तुम्हाला दिसला. आता आज काय शिकवायचे ते तुम्हाला कळले. रोज सकाळी आपण मळ्यात चक्कर मारतो, मावा आला का, करपा आला का बघतो, मगच फवारणीचे ठरवतो. न बघता औषध मारणारा शेतकरी पैसे घालवतो. न विचारता धडा सुरू करणारा शिकवणीवालाही तेच करतो, फक्त पैसे तुमचे जातात.

या "पुस्तक बंद करून आठवण्या"बद्दल विलायतेत बरेच प्रयोग झाले आहेत. एक सांगतो, कारण आकडा मोठा बोलका आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के आणि ७५ टक्के. पण आठवड्याने घेतली तेव्हा उलटे झाले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आपल्याकडची "पाच वेळा वाच, दहा वेळा लिही" ही पद्धत त्या दिवशी संध्याकाळी छान दिसते आणि आठवड्याने फसवते. पोरगं घरी येऊन घडाघडा म्हणते, आपण खूश होतो, आणि घटक चाचणीत पाटी कोरी.

बरे, हे रोजचे झाले. महिन्याच्या पहिल्या दिवसाची सुरुवात वेगळी असावी. नवे पोरगं आले की ते कोणत्या इयत्तेत आहे हे विचारू नका, त्याला काय येते ते बघा. 'प्रथम' ही संस्था १९९५ पासून मुंबईतल्या वस्त्यांतून काम करीत आली आहे. त्यांची मुलांचे वाचन तपासण्याची रीत इतकी सोपी आहे, की सरपंचही करू शकेल. एका कागदावर काही अक्षरे, काही साधे शब्द, पहिलीच्या तोडीचा एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या तोडीची एक गोष्ट. पोराला जवळ बसवून वाचायला लावायचे. कुठे अडते ते चार-पाच मिनिटांत कळते. याच कागदाने २००५ पासून देशातल्या ग्रामीण मुलांची पाहणी होत आली आहे, तिला 'असर' म्हणतात. २०२४ च्या असरमध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या तोडीचा मजकूर वाचू शकणारी ४८.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्तच मुले पाचवीत बसून दुसरीचे वाचू शकत नाहीत. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट तर तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे आहे. आता सांगा, अशा पोराला पाचवीचे गाईड विकत आणून देऊन आणि त्यातली उत्तरे उतरवून घेऊन काय साधते?

याच संस्थेने मुंबई आणि बडोद्यात 'बालसखी' नावाचा एक उपक्रम चालवला होता. वस्तीतल्याच, फार न शिकलेल्या तरुण मुली शाळेतल्या मागे पडलेल्या पोरांना दिवसाला दोन तास वेगळे घेऊन बसत आणि पायापासून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली, ती २००७ साली छापून आली. मागे राहिलेल्या पोरांना चांगला फायदा झालेला दिसला. बॅनर्जी-डुफ्लो यांना पुढे २०१९ साली क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की त्या मुली पदवीधर शिक्षिका नव्हत्या. पोर कुठे आहे ते पाहून त्यांनी तिथून हात धरला. आपल्या गावच्या शिकलेल्या सुनेला हे जमणार नाही असे कोण म्हणतो?

मधल्या तासाबद्दल मी फारसे लिहीत नाही. तो ज्याच्या त्याच्या विषयावर आणि वकुबावर आहे. एवढेच सांगतो, की त्या तासात आपण पालक काय करतो तेही बघावे. शिकवणी रंगात आलेली असते आणि रस्त्यावरून हाक येते, "ए, लाईट आली, मोटर चालू करून ये!" पोरगं उठते, पळते, वीस मिनिटांनी चिखलाचे पाय घेऊन परत येते. मला आपली अडचण कळते. शेतीची वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, आणि पाणी चुकले तर रोप जाते. पण ज्या तासाचे आपण पैसे मोजले, त्यातून आपणच पोराला उठवतो आणि वर्षाअखेर शिकवणाऱ्याला जाब विचारतो. त्या दीड तासापुरती मोटरची जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाने घ्यावी. आणि हाक मारायचीच झाली तर पोराला मारा. बहुतेक घरांत हाक पोरीला जाते, "पाणी भर, पोळ्या टाक". ती परत येतही नाही.

आता शेवटाकडे येऊ. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, कारण सुरुवात थोडीफार तरी कोणी ना कोणी सुधारतो, शेवटाकडे कोणाचेच लक्ष नसते.

कांदा काढायच्या आधी आपण काय करतो? पाणी तोडतो. शेवटपर्यंत पाणी देत राहिले तर कांदा फुगलेला दिसतो, वजनही भरते, पण चाळीत टिकत नाही. माना पडू देतो, उपटून पातीसकट शेतातच वाळवतो, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असे मांडतो म्हणजे ऊन थेट लागत नाही. मग मान ठेवून पात कापतो, सावलीत सुकवतो आणि मगच चाळ भरतो. एवढा सोपस्कार कशासाठी? चार महिने टिकावा म्हणून. शिकवणीतही तसेच आहे. शेवटच्या दहा मिनिटांत नवीन काही शिकवायचे नाही. पाणी तोडायचे. "एवढं एक उदाहरण सांगतो आणि सोडतो" हा मोह शिकवणाऱ्याने आवरला पाहिजे. ते एक उदाहरण पोराच्या डोक्यात आधी शिरलेल्या तीन उदाहरणांना भिजवून टाकते.

मग त्या दहा मिनिटांत करायचे काय? पोरांकडून बोलवून घ्यायचे. "आज कळलं का?" असे विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते, "हो सर", आणि ते सगळी पोरे एका सुरात देतात. त्यापेक्षा आज शिकवलेल्यातला एक छोटा प्रश्न, आपल्या घरातला, प्रत्येकाने आपापल्या वहीच्या कोपऱ्यात सोडवायचा. दशांश अपूर्णांक शिकवले असतील तर विचारा : ट्रॅक्टरमध्ये २३ क्विंटल ६० किलो कांदा होता, भाव १४५० रुपये निघाला, तर हमाली-तोलाई कापायच्या आधी किती झाले? ज्याचे ३४,२२० आले त्याला दशांश कळले. ज्याने ६० किलोला सरळ साठ क्विंटल धरले तो तुम्हाला लगेच सापडला. तो उद्याच्या सुरुवातीचा तुमचा पहिला गडी. शिवाय हे पोरगं उद्या बाजार समितीतून आलेली हिशोबपट्टी घरी वाचून दाखवील, ते वेगळेच.

एखाद्याने आज काय शिकलो ते दुसऱ्याला दोन वाक्यांत सांगायचे, हा आणखी एक चांगला शेवट. रोज वेगळे पोरगं. मागच्या ओळीतल्याची पाळी मुद्दाम आधी लावा. आणि शेवटच्या मिनिटाला उद्या काय ते सांगायचे, एकाच वाक्यात, आणि घरी करायचे काम एकच, दहा मिनिटांत होईल असे. "पान ४२ ते ४७ सगळी गणिते" असा गृहपाठ दिला की तो आई करते किंवा मोबाईल करतो.

ज्यांना हे सगळे परके वाटते त्यांनी आपल्याच गावचा हरिनाम सप्ताह आठवावा. वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेतो. आधी रामकृष्ण हरीचा गजर होतो, टाळकरी सावरून बसतात, मागे बोलणारी मंडळी गप्प होतात, मग निरूपण. कितीही लांब फिरून आला, तरी शेवटी तो घेतलेल्या अभंगाच्या शेवटच्या चरणावर येऊनच थांबतो. मधेच "वेळ झाली, उरलेला अभंग घरी वाचा" असे म्हणणारा कीर्तनकार तुम्ही ऐकला आहे का? असा कोणी निघाला तर पुढच्या वर्षी आपण त्याला सुपारी देणार नाही. सप्ताहाच्या काल्याला जेवढा मान, तेवढा शिकवणीच्या शेवटाला का असू नये?

कृषी खात्याच्या शेतीशाळेला तुमच्यापैकी बरेच जण गेले असाल. ही पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांसाठी, जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने सुरू झाली. तिची रीत आठवा. आल्याबरोबर भाषण नाही. पहिल्यांदा सगळ्यांनी बांधावरून उतरून पिकात जायचे, झाडे मोजायची, किडे मोजायचे, मित्रकीटक किती, शत्रुकीटक किती, ते कागदावर काढायचे. आणि उठण्याआधी या आठवड्यात फवारायचे की नाही ते सर्वांनी मिळून ठरवायचे. सुरुवात बघण्याने, शेवट निर्णयाने. जिथे कृषी सहायक घाईत येऊन नुसते भाषण करून सह्या घेऊन जातात, तिथली शेतीशाळा कोणाच्या लक्षातही राहत नाही. मोठ्या माणसांना जे लागू तेच लेकरांना.

एक शेवट मात्र घड्याळाचा आहे, आणि त्याबाबत मी हट्टी आहे. शिकवणी ठरल्या वेळी संपलीच पाहिजे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मळ्यात राहणाऱ्या पोरीला गावातून एक-दीड किलोमीटर चालत जायचे असते, वाटेत ना दिवा ना वस्ती, त्यात बिबट्याची भीती. शिकवणी "आज थोडी लांबली" की दुसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, "बास झालं शिकणं." पोराची शिकवणी लांबली तर त्याचे कौतुक होते, पोरीची लांबली तर ती बंद होते. म्हणून थंडीच्या दिवसांत वेळ अलीकडे घ्यावी, आणि मळ्यातल्या मुली एकत्र निघतील, त्यांच्याबरोबर कोणी मोठे असेल, हे बघूनच शेवटचे वाक्य उच्चारावे. पैशाचेही तसेच. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी आली, ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. अशा हंगामात घरखर्चाला काट लागते तेव्हा पहिली काट कोणाच्या शिकवणीला बसते, हे मी सांगायला नको. शिकवणाऱ्यांना विनंती आहे, की फीचा विषय पोरांसमोर, विशेषतः सुरुवातीला, काढूच नका. बापाला गाठा, मार्केटवरून परत येताना गाठा, पण लेकराला नको.

यावर शिकवणारे म्हणतील, "साहेब, पंधरा मिनिटे या गोष्टीत घालवली तर अभ्यासक्रम कधी संपवायचा? दहावीचे पालक आमच्या मानगुटीवर बसतात." हा आक्षेप खोटा नाही. दहावीच्या वर्गाला धडे जास्त आणि दिवस थोडे. पण अभ्यासक्रम संपला म्हणजे कोणाचा संपला? फळ्यावरचा संपला. पोराच्या डोक्यातला तिसऱ्या धड्यावरच अडलेला असतो. आणि पालकांनीही "किती धडे झाले?" हे विचारणे सोडावे. घरी आल्यावर पोराला पाणी द्या, आणि एकच विचारा : आज तू शेवटी काय सांगितलंस? दोन-चार दिवस उत्तर आले नाही तर शिकवणाऱ्याकडे जाऊन बसा. भांडायला नव्हे, बघायला.

आता थोडे गावकारभाऱ्यांसाठी. सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, यांना यात करण्याजोगे बरेच आहे, आणि त्यातले पुष्कळसे खर्चाचे नाही. समाजमंदिर संध्याकाळी कुलूपबंद असते आणि शिकवणी गोठ्याशेजारी चालते. किल्ली कोणाकडे ठेवायची हे ठरवायला कोणत्याही योजनेची गरज नाही. तिथे एक चांगला दिवा, एक फळा आणि भिंतीवर एक घड्याळ. घड्याळ सर्वांना दिसेल असे लावा, म्हणजे शेवटची दहा मिनिटे कधी लागली ते पोरांनाही कळेल. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. या समितीच्या बैठकीला गावातल्या शिकवणी घेणाऱ्या मुला-मुलींना चहाला बोलवा. शाळेचे गुरुजी शिकवणी घेऊ शकत नाहीत, पण शिकवणाऱ्याला "अमक्या पोराचं वजाबाकीत अडतंय" एवढे सांगायला त्यांना कोणी अडवलेले नाही. आज गुरुजी एकीकडे शिकवतात, शिकवणीवाला दुसरीकडे शिकवतो, आणि मधल्या मधे पोराला दोन पद्धतीची वजाबाकी येते, म्हणजे एकही येत नाही.

ज्यांना फी परवडत नाही अशी घरे प्रत्येक गावात आहेत : ऊसतोडीला जाणारी, सालदारकी करणारी, वीटभट्टीवरची. त्यांची पोरे दिवाळीनंतर गावात नसतात आणि परत येतात तेव्हा दोन धडे नाही, दोन इयत्ता मागे असतात. त्यांच्यासाठी त्याच समाजमंदिरात, त्याच शिकवणाऱ्याला ग्रामपंचायतीने थोडे मानधन देऊन, एप्रिल-मे मध्ये दोन महिने बसवता येईल. गावाच्या विकास आराखड्यात शिक्षणाचा रकाना असतोच. बहुतेक ठिकाणी तो शाळेच्या भिंतीचा रंग आणि फरशी यातच संपतो. हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यायचा असेल तर आधीच लेखी द्या, विषयपत्रिकेवर आणा, नाहीतर "आयत्या वेळचे विषय" म्हणून तो शेवटी येतो, तोवर अर्धी मंडळी उठून गेलेली असतात. आणि ठरावात नुसते "शिकवणी वर्ग सुरू करणे" एवढे लिहू नका. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आणि मळ्यातल्या मुलींबरोबर कोण जाणार, ही चार नावे-वेळा त्याच ओळीत लिहून घ्या.